जुनी प्रश्नोत्तरं शोधायची आणि जपून ठेवायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरा आणि तसल्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी मराठीत लिहिणारे बरेच जण मला एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारतात: ‘माझं ते उत्तर कुठे गेलं?’ दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. मेनूंची नावं ही मंडळी सारखी बदलत असतात, म्हणून ‘उजवीकडून तिसरं बटण’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. काय शोधायचं ते सांगितलं आहे, बटण तुम्ही शोधा.

१. माझी जुनी उत्तरं मुळात असतात कुठे?

तुमच्या प्रोफाइलवर. कोरावर स्वतःच्या नावावर टिचकी मारली की उत्तरं, प्रश्न, पोस्ट असे कप्पे दिसतात. बहुतेकांचा घोळ होतो तो आधीच, कारण ते वरच्या मुख्य शोधपट्टीत स्वतःचं उत्तर शोधत बसतात. ती पट्टी सगळ्यांचा मजकूर धुंडाळते. तीन अपव्होट (पसंतीची मतं) मिळालेलं आपलं उत्तर तिच्या खिजगणतीतही नसतं.

२. प्रोफाइलवर खाली सरकवून सरकवून अंगठा दुखला. पाच-सहा वर्षांपूर्वीचं उत्तर लवकर गाठायचा काही मार्ग आहे का?

आहे, पण फोनचं ॲप बाजूला ठेवा आणि संगणकावरच्या ब्राउझरमध्ये लॉग-इन करा. कोरावर प्रोफाइलखेरीज ‘तुमचा मजकूर’ अशा अर्थाचं एक वेगळं पान आहे. स्वतःच्या चित्रावर दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत त्याचा दुवा असतो. तिथे उत्तरं की प्रश्न, कोणता विषय, कोणतं वर्ष अशी चाळणी लावता येते आणि सर्वांत जुनं आधी असा क्रमही लावता येतो. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांनाही या पानाचा पत्ता नसतो.

दुसरा मार्ग तुमच्या ईमेलमधून जातो. ‘तुमच्या उत्तराला अमक्याने अपव्होट दिलं’ या मेलांचा तेव्हा कितीही वैताग आला असला, तरी त्यात प्रश्नाचं शीर्षक असतं, दुवा असतो आणि तारीख असते. मेलपेटीत सेवेचं नाव आणि विषयातला एखादा शब्द टाकून शोधा. जुन्या मेल एकगठ्ठा पुसायची सवय असेल तर निदान या पुसू नका.

तिसरा मार्ग गुगलचा. इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि सेवेचा पत्ता लिहा. मग जागा सोडून अवतरणचिन्हांत तुमचं प्रोफाइलवरचं नाव, आणि शेवटी एखादा ठळक शब्द. ब्राउझरच्या इतिहासावर मात्र विसंबू नका. क्रोम तो ९० दिवसच ठेवतो.

३. इंग्रजीतली उत्तरं दिसतात, मराठीतली गायब आहेत. पुसली गेली का?

बहुधा नाही. कोरावर खातं एक असलं तरी प्रत्येक भाषेचं प्रोफाइल वेगळं असतं. मराठीत लिहिलेलं इंग्रजी प्रोफाइलवर येत नाही. भाषा बदला आणि पुन्हा पाहा. हिंदीतही लिहिलं असेल तर तिसरा फेरा मारावा लागेल. जपून ठेवतानाही हे लक्षात असू द्या, कारण एका भाषेचं सगळं उतरवून ‘झालं एकदाचं’ म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

४. नेमका शब्द आठवतो आहे, तोच टाकतो, तरी शोध ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. असं का?

हा खास आपला, देवनागरीचा प्रश्न आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. डोळ्याला एकच दिसणारा शब्द संगणकाच्या पोटात दोन-तीन प्रकारे साठवलेला असू शकतो.

‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ हे शब्द घ्या. त्यातला रफार नसलेला, आडव्या रेघेचा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण बऱ्याच ठिकाणच्या शोधयंत्रणेला ते वेगळे शब्द वाटतात. तिसरी तऱ्हा म्हणजे घाईत लिहिलेलं ‘दुसर्या’. ‘ॲप’चंही तसंच: कुणाचं ‘ॲ’ एकसंध अक्षर असतं, कुणाचं अ वर चंद्र बसवून केलेलं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, त्यामुळे जुन्या कीबोर्डांवर लिहिलेल्या मजकुरात जोडून केलेला प्रकार जास्त सापडतो. तुम्ही तेव्हा संगणकावर लिहीत होता आणि आता फोनवर शोधता आहात, एवढंही पुरतं.

त्यात आकड्यांची भर. सातबाऱ्याबद्दलचं उत्तर शोधायचं असेल तर ते ‘सातबारा’, ‘सात-बारा’, देवनागरीतलं ‘७/१२’ किंवा इंग्रजी आकड्यांतलं सात-बारा यांपैकी कशाखालीही दडलेलं असू शकतं. शिवाय ‘माझं’ लिहिलं होतं की ‘माझे’, ‘आणि’ की ‘आणी’, हे सहा वर्षांनी कुणाला आठवणार?

म्हणून शोधायला असा शब्द निवडा ज्यात जोडाक्षर नाही, ऱ्य नाही, ॲ नाही, अनुस्वार नाही आणि ज्याला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नसेल. ‘शेतकऱ्यांच्या जमिनीची मोजणी’ शोधण्यापेक्षा ‘पोटखराबा’ (जमिनीतला न पिकणारा भाग) शोधा. असे अडाणी वाटणारे, पण एकाच विषयात येणारे शब्द फार कामाला येतात.

५. सुरुवातीला मी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. ते कसं शोधू?

स्पेलिंगांचे अंदाज करत. ‘आहे’मध्ये सुरुवातीला एक ए की दोन, ‘मला’च्या शेवटी एक ए की दोन, ‘छान’मध्ये सीएच की सीएचएच. त्यापेक्षा मजकुरात आलेलं गावाचं किंवा माणसाचं नाव शोधा, त्याचं स्पेलिंग सहसा ठरलेलं असतं. नाहीतर सरळ वर्षाची चाळणी लावून (प्रश्न २) त्या काळातलं सगळं डोळ्यांखालून घाला.

६. मी प्रश्न विचारला होता. आता त्याचे शब्दच बदललेत आणि खाली भलतीच उत्तरं आहेत. हा माझाच प्रश्न का?

असू शकतो. कोरावर प्रश्न हा विचारणाऱ्याच्या मालकीचा मानला जात नाही. त्याचे शब्द इतर लोक सुधारू शकतात. दोन सारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि मग एकाची उत्तरं दुसऱ्याखाली जाऊन बसतात. म्हणून मूळ शब्दांनी शोधण्यापेक्षा स्वतःच्या मजकुराच्या पानावर ‘विचारलेले प्रश्न’ ही चाळणी लावा. तिथे तो आजच्या शब्दांत दिसेल. बदलांची नोंद पाहता येत असेल तर मूळ वाक्य तिथे मिळेल, ते लगेच उतरवून घ्या.

७. मी प्रोग्रामर आहे, माझं सगळं लिखाण स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी आहे. तिथे काय करायचं?

तुम्ही या बाबतीत नशीबवान आहात. शोधपट्टीत इंग्रजीत ‘यूजर’, कोलन आणि लगेच एम-ई लिहिलं की शोध फक्त तुमच्या मजकुरापुरता होतो. त्यापुढे कोणताही शब्द, टॅग किंवा गुणांची अट जोडा. प्रत्येक उत्तराच्या संपादनांचा इतिहास उघडता येतो आणि त्यातून मूळ मार्कडाउन मजकूर जसाच्या तसा घेता येतो. कोडची मांडणी बिघडायला नको असेल तर पानावरून कॉपी करण्याऐवजी तोच घ्या. त्यांचा डेटा एक्सप्लोररही आहे. थोडी एसक्यूएल येत असेल तर स्वतःच्या सगळ्या उत्तरांची यादी एका झटक्यात काढता येते.

सावध राहायचं ते न पुसता पुसल्या जाणाऱ्या प्रश्नांपासून. उणे गुण असलेला आणि एकही उत्तर नसलेला प्रश्न ३० दिवसांनंतर यंत्रणा आपोआप काढून टाकते. शून्य गुण, उत्तर नाही आणि वाचकही फारसे नाहीत, अशा प्रश्नाला वर्षभराची मुदत मिळते.

८. एकेक उत्तर नीट जपून ठेवायची पद्धत सांगाल का?

आधी काय जपायचं ते सांगतो, कारण पद्धतीपेक्षा चूक तिथे जास्त होते. एका सेवेवरची माझी साठेक उत्तरं मी मोठ्या हौसेने उतरवून घेतली होती, फक्त उत्तरं. पुढे ती सेवा बंद पडली. आज ती फाइल उघडली की एक उत्तर असं सुरू होतं: ‘नाही, आणि त्याचं कारण तुम्हीच वर दिलं आहे.’ वर काय दिलं होतं ते देवालाच ठाऊक. साठातली वीसेक उत्तरं अशी पोरकी आहेत.

तेव्हा प्रश्न त्याच्या तेव्हाच्या शब्दांत, खालचं स्पष्टीकरण असेल तर तेही, मग उत्तर, लिहिल्याची तारीख आणि दुवा, एवढं एकत्र ठेवा. कुणी टिप्पणीत तुमची चूक दाखवली असेल आणि ती खरी असेल, तर ती टिप्पणी उत्तराइतकीच मोलाची आहे.

आता पद्धत. पान उघडा, ‘अधिक’वर दाबून पूर्ण उत्तर उलगडा आणि शेवटपर्यंत सरकवत न्या म्हणजे चित्रं उतरतील. मग प्रिंटमधून पीडीएफ करा. उलगडायला विसरलात तर पीडीएफमध्ये तीन ओळी आणि टिंबं येतील, आणि ते तुम्हाला दोन वर्षांनी कळेल. त्यासोबत मजकूर कॉपी करून साध्या फाइलमध्येही ठेवा (का ते पुढच्या प्रश्नात). चित्रं वेगळी उतरवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतील.

साध्या फाइलसाठी एकच पथ्य: जतन करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असलं पाहिजे. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच ते वापरतो. त्याआधीच्या नोटपॅडने मराठी ‘आन्सी’त जतन केली की सगळी प्रश्नचिन्हं व्हायची. अशी प्रश्नचिन्हांची फाइल परत मराठी होत नाही. कुणी ‘करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका.

९. पीडीएफ केली आहे ना, मग वेगळी साधी फाइल कशाला?

पीडीएफ दिसायला छान, पण तिच्यातून मराठी मजकूर परत बाहेर काढून पाहा. पुष्कळदा वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात, जोडाक्षरं फुटतात, अधूनमधून चौकोन येतात. म्हणजे त्या पीडीएफमध्ये शोधही धड चालत नाही. पीडीएफ पुरावा म्हणून ठेवा, पुन्हा वापरायला साधी फाइल. स्क्रीनशॉटांचं तर नावच नको: चारशे स्क्रीनशॉटांत एक वाक्य शोधलेला माणूस ती चूक पुन्हा करत नाही.

१०. एकेक कोण करणार? सगळं एकदम मिळत नाही का?

पुष्कळ सेवांकडे स्वतःच्या माहितीची प्रत मागता येते. ती सोय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये किंवा मदत विभागातल्या अर्जात शोधा. लगेच मिळेल असं धरून चालू नका. प्रत तयार झाल्याची मेल येते आणि तिच्यातला दुवा काही दिवसांनी मरतो, तेव्हा मागणी केल्यावर मेलपेटीकडे लक्ष ठेवा.

फाइल उघडल्यावर दोन धक्के बसतात. पहिला: मराठीऐवजी उलट्या तिरक्या रेघा, ‘यू’ आणि चार-चार आकडे-अक्षरांची रांगोळी. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. ते प्रत्येक अक्षराचे युनिकोड क्रमांक आहेत. जेसन (अशा प्रतींचा एक फाइलप्रकार) वाचणाऱ्या साधनात मराठी दिसेल. एक्सेलमध्ये भलतीच अक्षरं आली तर फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेलच्या आतून डेटा आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा.

दुसरा धक्का मोठा: बऱ्याचदा त्यात फक्त तुमचे शब्द असतात. ज्या प्रश्नाखाली लिहिलं तो, किंवा तुमच्या प्रश्नाला इतरांनी दिलेली उत्तरं, ही दुसऱ्यांची म्हणून वगळलेली असू शकतात. त्यामुळे सगळं एकदम मागवलं तरी निवडक पन्नास पानं प्रश्न ८मधल्या पद्धतीने हातानेच उतरवावीत.

११. कंपनीने प्रत दिलीच नाही तर कायदा काही करू शकतो का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये किंवा युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या मराठी माणसाला जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याचं कलम १५ माहितीची प्रत मागायचा आणि कलम २० ती यंत्राला वाचता येईल अशा रूपात दुसरीकडे नेण्याचा हक्क देतं. कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं.

भारताचा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. त्यात माहितीचा गोषवारा मागता येतो, दुरुस्ती आणि पुसणं मागता येतं, पण कलम २०सारखा नेण्याचा हक्क नाही. शिवाय माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे, आणि आपली उत्तरं तर आपण स्वतःच चव्हाट्यावर मांडलेली. या कायद्याच्या भरवशावर संग्रहाचं काम पुढे ढकलू नका.

१२. निनावी लिहिलेलं उत्तर माझ्या यादीत दिसत नाही. कसं मिळवू?

कोराने २०१७मध्ये निनावी लिखाण खात्यापासून तोडलं. तेव्हापासून असं काही लिहिलं की एक खास दुवा मिळायचा आणि संपादनाची वाट फक्त तीच. तो दुवा जपला नसेल तर उत्तर तुमचं आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही. निनावी लिहिण्याचा अर्थच तो. वाचता मात्र येतं: विषयातल्या शब्दांनी गुगलवर शोधा आणि सामान्य वाचकासारखं उतरवून घ्या. फक्त ती फाइल घरच्या सामायिक संगणकावर ठेवायची का, याचा विचार करा.

१३. उत्तर मीच रागात पुसलं होतं. परत मिळेल?

स्टॅक ओव्हरफ्लोवर शक्यता चांगली आहे. लॉग-इन करून थेट दुव्यावर गेलात तर स्वतःचं पुसलेलं उत्तर सहसा दिसतं, आणि १०,००० गुणांच्या वरच्या सदस्यांना इतरांचंही पुसलेलं दिसतं. अशा ओळखीच्या कुणाला विचारता येईल. इतर ठिकाणी मेलपेटी आणि पुढच्या प्रश्नातला मार्ग पाहा.

१४. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या सेवेवर) सगळं असतंच ना?

नाही. स्टॅक ओव्हरफ्लोचं पुष्कळ सापडेल. पण कोराने अनेक वर्षं वेबॅक मशीनला आपल्या पानांपासून दूर ठेवलं, आणि कारणही उघडपणे लिहिलं: कुणी आधी नावानिशी लिहून मागाहून निनावी केलेलं उत्तर जुन्या प्रतीमुळे उघडं पडेल. कारण मला पटतं, पण त्याचा अर्थ असा की आपल्या कोरावरच्या मराठी लिखाणाची प्रत तिथे असेल हे गृहीत धरू नये. गुगलच्या शोधनिकालांत पूर्वी मिळणारी साठवलेली प्रत २०२४मध्ये बंद झाली, म्हणजे तीही वाट गेली. सेवा अडवत नसेल तर वेबॅक मशीनवर पानाचा दुवा देऊन तुम्ही स्वतः आजची प्रत ठेवू शकता.

१५. सेवा बंद होणार असेल तर आधी कळतं का? किती वेळ मिळतो?

याहू आन्सर्सचं उदाहरण पाहा. २००५मध्ये सुरू झालेली सेवा, भारतासाठीही तिची आवृत्ती होती. बंद करत असल्याचं एप्रिल २०२१च्या सुरुवातीला जाहीर झालं, २० एप्रिलपासून नवं लिहिणं थांबलं आणि ४ मे रोजी पानं गेली. म्हणजे जेमतेम एक महिना. स्वतःच्या मजकुराची प्रत मागायला ३० जूनपर्यंत मुदत होती, पण त्यात इतरांची उत्तरं येत नव्हती. एखाद्याला स्वतःच्या प्रश्नाचा कागद मिळाला असेल, त्यावर आलेल्या उत्तरांचा नाही. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत जमेल तेवढी पानं वाचवली.

उलट उदाहरण गुगल आन्सर्सचं. पैसे देऊन विचारायची ती सेवा २००२मध्ये निघाली आणि २००६च्या अखेरीस थांबली, पण आधीची प्रश्नोत्तरं वाचायला ठेवली गेली. तुमची सेवा यांपैकी कोणाच्या वाटेने जाईल ते आधी सांगता येत नाही.

१६. खातं बंद केलं तर माझं लिखाण जातं का?

सेवेगणिक वेगळं. स्टॅक ओव्हरफ्लोवर खातं गेलं तरी उत्तरं राहतात, फक्त नावाच्या जागी एक क्रमांक येतो. तिथे लिहिताना तुम्ही मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली देता, तो मागे घेता येत नाही. ओपनएआय या एआय कंपनीशी झालेल्या करारावर चिडून २०२४मध्ये काहींनी आपली उत्तरं पुसायचा प्रयत्न केला. ती परत आणली गेली आणि काही खाती निलंबित झाली. कुठेही खातं बंद करायच्या आधी प्रश्न ८ आणि १०. नंतर नाही.

१७. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांनी शेतीवर शेकड्यांनी उत्तरं लिहिली होती. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही.

पासवर्डाशिवायही बरंच काम होतं. सार्वजनिक उत्तरं त्यांच्या प्रोफाइलवर कुणालाही दिसतात. तुमच्या खात्यातून तिथे जा आणि घरातल्या दोघा-तिघांनी वर्षं वाटून घेऊन उतरवा. सेवेला ‘खातेदार वारले’ असं कळवायची घाई मात्र उतरवून होईपर्यंत करू नका, कारण त्यानंतर प्रोफाइलचं काय करायचं ते त्यांच्या हातात जातं. निनावी उत्तरं, अर्धवट मसुदे आणि खासगी निरोप यांना हात लागणार नाही. त्यांची मेलपेटी तुमच्याकडे असेल तर प्रश्न २मधली मेलांची युक्ती इथे सर्वांत उपयोगी पडते.

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लिखाणाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. तो हक्क नोंदणीशिवायही असतो.

१८. माझ्या उत्तरांचं पुस्तक करायचं आहे. सेवेची परवानगी लागेल?

तुमच्या शब्दांसाठी सहसा नाही. कोराच्या अटींनुसार लिखाण लेखकाचंच राहतं, सेवेला ते वापरायची मुभा मिळते एवढंच. अडचण येते ती इतरांच्या शब्दांची. प्रश्न दुसऱ्याने लिहिलेला असेल तर तो तुमच्या भाषेत नव्याने मांडा. टिप्पण्या घ्यायच्या असतील तर लिहिणाऱ्याला विचारा. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्या कुणी तुमच्या उत्तरात भर घातली असेल तर तो भाग त्यांच्या नावाच्या उल्लेखासह आणि त्याच परवान्याखाली छापावा लागतो. म्हणून इतिहासातून (प्रश्न ७) तुमची पहिली आवृत्ती काढून तीच वापरणं सोपं. आणि सरकारी नियम, फी, अर्जाची पद्धत असं काही असेल तर छापण्याआधी पुन्हा तपासा. २०१९मधलं सातबाऱ्यावरचं उत्तर आज जसंच्या तसं छापलंत, तर नव्याने प्रश्न विचारणारे तुमच्याच दारात येतील.